बांधावरची फुली

ती फुली मी काढली होती. बायकोला, ऑफिसात, कुणालाच हे आजवर सांगितलेलं नाही.

पन्नाशी जवळ आली तशी मला चालायचं वेड लागलं. नाणेघाटाच्या पायथ्यापासून मुरबाड, शहापूर करत थेट वसईच्या समुद्रापर्यंत, एकट्याने, दर रविवारी एक टप्पा. संध्याकाळी वाशिंदला घरी यायचं आणि पुढच्या रविवारी जिथे थांबलो होतो नेमकं तिथूनच पाऊल उचलायचं. मधलं एक पाऊलही गळू द्यायचं नाही, हा माझा हट्ट. म्हणून थांबल्या जागी दगडावर चुन्याची फुली काढायचो, बाजूला टप्प्याचा आकडा. चौथी फुली मुरबाडच्या पुढे एका भातखाचराच्या बांधावर काढली. शेत कुणाचं, याचा विचारही केला नाही.

पुढच्या रविवारी तिथे पोचलो तर खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. मला पाहून हात थांबले. शेत दोघा भावांचं, सामाईक. थोरल्याने विचारलं, कुठले, कुणाकडे आलात. चालत समुद्राकडे निघालोय म्हटलं. त्याने माझे बूट पाहिले, मग हातातली वही.

"समुद्राकडं? यष्ट्या बंद पडल्या काय?"

बायका हसल्या. तो हसला नाही. त्या भागात वही घेऊन अनोळखी माणूस आला की मागोमाग रस्ता येतो आणि जमीन जाते. भरवसा मलाही त्यांचा नव्हता. मी मोबाईल आतल्या खिशात सरकवला, आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

थोरल्याने मला बांधावर नेऊन फुली दाखवली. मोजणीवाले असाच चुना मारतात. शेजारचा चार हा त्याने हिश्शाचा आकडा धरला होता. हे तुमच्या साहेबांचं काम का, असं त्याने विचारलं. चुन्याची डबी माझ्या खिशातच होती. मी म्हणालो, मला काय माहीत, मी फिरायला आलोय.

मग संशयाला एकच जागा उरली. धाकटा कल्याणला कामाला जायचा, वाटणीचं कधीतरी बोलला होता. चोरून मोजणी त्यानेच बोलावली, असं थोरल्याने सगळ्यांदेखत म्हटलं. धाकट्याला आधी हसूच आलं.

"दादा, मोजणी आणायची तर तुला सांगून आणीन. तुला भितो काय मी?"

थोरल्याने भाताच्या राशीकडे बोट केलं. त्यांच्यात राशीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. धाकट्याने चपला काढल्या, हात ठेवला. "मी नाय बोलावलं."

"मंग चुना काय आभाळातून पडला?"

तेव्हा बोलायला हवं होतं. पण माणसं बरीच होती, मी एकटा, आणि एकदा खोटं बोलून बसलो होतो. मी निघालो. नियमाप्रमाणे त्या दगडापासूनच.

पुढे वसईला पोचलो. किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी राखणाऱ्या एका बाईने संशयानेच विचारलं, इतकं चाललात तर वाटेत गावं कोणती लागली? मी एकेक सांगत गेलो. तेवढं एक वगळलं.

दुसऱ्या वर्षी, झोडणीच्याच दिवसांत, मी मुद्दाम तिथे गेलो. सांगायचं ठरवूनच. अंगणात मधोमध काट्यांचं कुंपण होतं, खळी दोन होती. थोरल्याने मला लगेच ओळखलं. या खेपेला बसायला बाज टाकली, चहा सांगितला. भाऊ पुतणीच्या हळदीलाही आला नाही म्हणाला. आला नाही की बोलावलं नाही, हे मी विचारलं नाही. मग तो बायकोला म्हणाला, पण आवाज कुंपणापलीकडे जावा एवढा होता.

"हे पावणे होते त्या दिवशी. यांच्यासमोर राशीवर हात ठेवून खोटं बोलला तो. विचार यांना."

पलीकडे धाकटा पेंढा रचत होता. तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. थोरल्याची बायकोही बघत होती. मी मान हलवली. हो म्हणून.

चहा संपवून उठलो. त्याला दोन वर्षं झाली.

मला धाकट्याच्या देखत थोरल्याला एवढं सांगायचं आहे, की चुना माझा होता आणि तुझा भाऊ खरं बोलला होता. अजून सांगितलेलं नाही.