पदरावरची नाडी

नाडी बघायला मी हात पुढं केला आणि बाईंनी मनगटावर पदर ओढला.

"पदरावरून बघ," त्या म्हणाल्या.

लातूरचा दवाखाना. सुया टोचून दुखणं घालवायची चिनी विद्या तिथं चालायची. पडद्याच्या बाहेर डॉक्टर, आत लोखंडी खाट, खाटेवर मुरुडच्या एका बड्या जमीनदाराची बायको, आणि तिच्या उशाशी मी. तीन आठवडे ह्याच बाईंनी मला उघडं मनगट दिलं होतं. त्यांचे सुजलेले गुडघे मी मांडीवर घेऊन बसायची. "तुझ्या हाताला गुण हाय गं," असं त्याच म्हणाल्या होत्या. चौथ्या खेपेला पदर आला.

त्याला कारण माझंच तोंड. त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा न धरता जिना चढता आला होता. त्या खुशीत होत्या, मीही फुगले होते. धाकटा मुलगा कॉलेजात गेला म्हणून त्या सांगत होत्या आणि मी भोळेपणानं बोलून गेले.

"धाकल्या मालकांच्या येळंला माझी आईच हुती की, बाई. नाळ तिनंच कापली."

मला वाटलं, बाई हसतील. जवळ घेतील. आपलं माणूस निघालं म्हणतील. काय वाटून घेतलं होतं मी!

"म्हंजी तू त्या दाईची लेक?"

"हाव."

मग पदर. पदरावर तीन बोटं ठेवली. खाली नाडी होती, पण मला लागत होते ते पदराचे काठ. वरवरची नाडी कोणती, खोल कोणती, काही कळेना. तरी मी म्हणाले, "बरी हाय नाडी." खोटं बोलले. सुया टोचल्या. सुयांना त्यांची ना नव्हती. धातूला विटाळ नसतो, विटाळ बोटांना असतो.

जाताना त्यांनी बादलीतून तांब्याभर पाणी मागितलं आणि मनगट धुतलं. कोपरापर्यंत. ते साल दुष्काळाचं होतं. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि ती बादली मीच सकाळी रांगेत भांडून भरून आणली होती. मी भरलेल्या पाण्यानं त्यांनी माझा विटाळ धुतला. एवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुढं कितीतरी दिवस ते पाणी माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

मी मूळची मुरुडचीच, पण लहानपणीच शाळेसाठी लातूरला मावशीकडं आले. म्हणून बाईंनी मला ओळखलं नव्हतं. लग्न झालं, नवऱ्यानं वर्षात टाकलं, मी परत मावशीच्या दारात. त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. रोज नवी कचेरी, नवी पाटी, साहेबांची नवी बिऱ्हाडं. बाहेरगावचे एक डॉक्टर आले आणि त्यांनी हा दवाखाना टाकला. मी झाडायला, पाणी भरायला आणि स्टोवर सुया उकळायला लागले. पण बायका काही पुरुष डॉक्टरपुढं पाठ उघडी करीनात. सुया राहिल्या डबीत. मग डॉक्टर मला म्हणाले, "तू शिकतेस का?" त्यांचे उपकार मी नाकारत नाही.

शिकवणी नांदेडला, दर रविवारी. पहाटेची एसटी धरायची. पहिल्या दिवशी हजेरीत आडनावं वाचली गेली. मग गुरुजी म्हणाले, "जोड्या पाडा. एकमेकांची नाडी बघा." आम्ही तेरा जण. सहा जोड्या पडल्या, मी उरले. मनात म्हटलं, तेरा आहेत, कुणीतरी उरणारच. पुढच्या रविवारी एक जण आला नाही. बारा जण. तरी त्यांनी तिघांचा एक गट केला आणि मी उरलेच. तेव्हा मात्र हिशेब कळला.

"तुम्ही आपल्याच हातावर करा, बाई," गुरुजी म्हणाले. पुस्तकातून डोळे न काढता.

मग मी आपल्याच हातावर केलं. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, मग डाव्याची उजव्यावर. बाकीचे "तुझी नाडी लई जलद हाय" म्हणून एकमेकांना चिडवायचे, हसायचे. मी भिंतीकडच्या बाकावर स्वतःचा हात स्वतःच धरून बसायची. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजून सुई टोचायची, ती आधी माझ्या पायात. ती चार बोटं रोग्याचीच धरायची असतात, टोचणाऱ्याची नाही. त्यासाठी रोग्याचा हात हातात घ्यावाच लागतो. माझ्याकडं माझाच हात होता. सुई बरोबर लागली की पायातून जडपणा उतरत जातो. "आला जडपणा," असं मी सांगायची आणि ऐकायलाही मीच. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर उघडी रानं आणि टँकरपुढं घागरींच्या रांगा, आणि मी आपलं मनगट धरून बसलेली. जगात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. नवऱ्यानं टाकलं तेव्हाही नाही.

परीक्षा मात्र पास झाले. कागद मिळाला, माझ्या नावाचा. डॉक्टरांचा कागद भिंतीवर होता. माझा त्यांनी मला घरी न्यायला सांगितला. "लोक नाव वाचतात गं," म्हणाले.

पदराचा प्रकार झाल्यावर मी मुरुडला आईकडं गेले. वाटलं होतं, आई चिडेल. निदान रडेल. आई चुलीपुढं बसली होती, तिनं वरही बघितलं नाही.

"त्यात काय इतकं? आपुन हात लावायचा अन् बाजूला व्हायचं. म्या मागच्या दारानं जायची, मागच्याच दारानं यायची. माझ्या मागं गोमूत्र शिंपायचे. थोरल्याच्या येळंला तर हिरीत ठिपूस न्हवता. पर म्या बसलेली जागा धुवाया दोन घागरी निघाल्या."

"अन् तुला प्यायला?"

आईनं जरा आठवून बघितलं. "कुनी दिलं न्हाई. म्याबी मागितलं न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. शोधला, तरी सापडला नाही. तीन पोरं तिनं त्या घरात जगात आणली. रात्ररात्र त्या बाईच्या पोटावर, पाठीवर हात ठेवून बसली. अडलेल्या वेळी तिचा हात चालतो, नड संपली की विटाळतो. आणि हे सगळं तिला पाऊसपाण्यासारखं वाटत होतं. मला आईचा राग आला. मग स्वतःचा आला. कारण "बरी हाय नाडी" म्हणणारी मी तिचीच लेक होते. ती विटाळ गिळत होती, मी वर खोटं बोलत होते. मी तिच्याहून एक पायरी खालीच गेले होते.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या. खाटेवर पडल्या. पदर ओढला.

मी म्हणाले, "पदर काढा, बाई. पदराची नाडी मला येत नाही."

"लई शानी झालीस गं!"

"झाले. नांदेडला जाऊन झाले."

डॉक्टर पडद्याशी आले. मला बाहेर बोलावून हळू आवाजात म्हणाले, "हट्ट करू नकोस. त्यांच्या ओळखीनं सगळं मुरुड येतंय आपल्याकडं. आजच्या दिवस पदरावरून बघ."

"तुम्हीच शिकायला धाडलंत ना, पदरावरून नाडी कळती का?"

त्यांनी पडदा नीट ओढून घेतला.

"मग मी बघायचं नाटक करू?"

"सुया तर त्यांना चालतात ना!" ते म्हणाले. चिडले नव्हते. समजूत काढत होते. तेच मला जास्त लागलं.

उकळलेल्या सुया मी फडक्यावर मांडून ठेवल्या. त्या त्यांच्या होत्या. स्टो विझवला आणि बाहेर पडले. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

वस्तीत कुणी कौतुक केलं नाही. मावशी म्हणाली, "भरल्या ताटाला लाथ मारलीस." भावानं बोलणं सोडलं. बायका मला टोचीबाई म्हणायच्या आणि माझ्या सुयांना भ्यायच्या. मावशीच्या ओसरीला मी पत्रे लावून आडोसा केला, स्वतःच्या सुया घेतल्या, कागद भिंतीवर टांगला, नाव ठळक दिसेल असा. पहिला महिना कुणी आलं नाही. मी रोज सुया उकळायची, पुसायची, डबीत ठेवायची आणि आपली नाडी बघत बसायची. हाताची सवय जाऊ नये म्हणून. मग एक हमाल आला, पाठ धरलेला. त्यानं विचारलं, "कुठला हात देऊ?" दोन्ही पालथे-उताणे करून त्यानं समोर ठेवले. बऱ्याच दिवसांनी दुसऱ्याची नाडी माझ्या बोटांखाली आली. मला रडू आलं. त्याला वाटलं, आपला आजार मोठा आहे.

उन्हाळ्यात मुरुडहून बाईंचा गडी निरोप घेऊन आला. गुडघे परत धरलेत, खाटेवरून उठवत नाही. तू घरी ये. दुपारच्याला ये, मागच्या दारानं.

आईनंही मागून निरोप धाडला, "जाऊन ये गं. दुखणाऱ्याला न्हाई म्हनू नये." तेही खरंच आहे. दुखणं खोटं नव्हतं आणि ते मला घालवता येत होतं. मी दिवसभर विचार केला. मग गड्याच्या हाती सांगून पाठवलं, "दवाखाना उघडा हाय. बाईंला म्हनावं, उघड्या हातानं या. चालवत नसंल तर मी येते, पर पुढच्या दारानं. अन् आल्यावर आधी मला प्यायला पानी द्यायचं."

बाई आल्या नाहीत. बोलावणंही आलं नाही. लंगडत असतील. मला त्याचं वाईट वाटतं, पण मी गेले नाही.

माझ्याकडं कुणी ही विद्या शिकायला आलं तर सरावाला पहिलं मनगट मी माझं देणार आहे. आणि त्या घराच्या मागच्या दारानं जाणारी आमच्यातली शेवटची बाई माझी आई. त्या दारात मी पाय ठेवणार नाही.