आमच्या डेटा सेंटरची परीक्षा

डेटा सेंटरमधला चांगला दिवस कुठला? ज्या दिवशी काहीच घडत नाही तो! आम्हाला पगारच त्याचा मिळतो. अशा ठिकाणी किस्से कुठून येणार, असं मलाही वाटायचं. पण मध्यंतरी आमच्या सगळ्या सेंटरचीच परीक्षा झाली, आणि किस्से असे साठले की आता चार मैत्रिणी भेटल्या की त्यांना मला थांबवावं लागतं.

आधी जागा सांगते. तळेगावजवळ आंबीकडे, कारखान्यांच्या रांगेत आमची बिनखिडक्यांची इमारत आहे. आत हॉलभर कॉम्प्युटर. कुणाची कंपनी, कुणाचं हॉस्पिटल, सगळं त्यांच्यावर चालतं. त्यांना अखंड वीज द्यायची आणि गार ठेवायचं, हे आमचं काम. मी सुजाता, तिथली शिफ्ट इंजिनियर. जनरेटर सांभाळणारे दत्ताभाऊ आंबीचेच. त्यांच्या चुलत्यांनी एकदा गेटवर येऊन विचारलं होतं, "लय गार हाय म्हनं आत. आमची गुलाबाची फुलं ठिवता का, व्हॅलेंटाईनपत्तुर?"

*

एका सकाळी आमचे साइट हेड शेळके सर मीटिंगला जवळजवळ उड्या मारतच आले. एक मोठी बँक आपले सगळे कॉम्प्युटर आमच्याकडे आणायला तयार होती! अट एकच. आमच्याशी काही लागेबांधे नसलेल्या बाहेरच्या संस्थेकडून कामकाज तपासून घ्या, सर्टिफिकेट दाखवा. नाहीतर बँक दुसरीकडे जाणार.

"पण सर, आपली बिल्डिंग तर नवीकोरी आहे," मी म्हटलं.

"बिल्डिंग नाही तपासणार, आपल्याला तपासणार! चुकीचं बटण दाबणारा माणूस नव्या बिल्डिंगमध्येही चुकीचंच बटण दाबतो."

"आन् आपुनच सांगितलं की आमी चांगलं हाय, तर?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"आपलं कोण ऐकणार?"

"व्हय, ते बी खरंच. सोयरीक करताना पोराच्या आईला कुटं इचारत्यात पोरगं कसं हाय? गावात इचारत्यात!"

सर इतके खूश झाले की तयारीची पहिली स्लाईड त्यांनी हीच केली!

*

तयारी सुरू झाली नावांपासून. आमच्याकडे दोन डिझेल जनरेटर. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच रंगाचे. पण सगळे त्यांना 'मोठी' आणि 'धाकटी' म्हणायचे. एक नवा ऑपरेटर आला. त्याला मी सांगितलं, "मोठीचं डिझेल बघून ये." बराच वेळ झाला तरी पठ्ठ्या आलाच नाही. जाऊन बघते तर हा टेप घेऊन जनरेटर मोजतोय!

"मॅडम, दोन्ही सारख्याच भरतायत!"

दत्ताभाऊंना हसू आवरेना. "आरं, धाकटी म्हंजी मागनं आलेली! सुना न्हाईत का घरात?"

त्याच दिवशी दोघींवर हातभर आकडे रंगवले. एक आणि दोन. दत्ताभाऊ आठवडाभर हळहळत होते.

*

मग आली उजळणीची सवय. कुणी सूचना दिली की नुसतं 'हो' म्हणायचं नाही. ऐकलेलं मोठ्याने परत म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहात नाही. "पंप दोन बंद कर." "समजलं, पंप दोन बंद करतो." पहिले काही दिवस सगळे लाजत होते. मग तोंडात इतकं बसलं की विचारू नका!

त्या दिवसांत बेगडेवाडीला माझ्या भावाचं लग्न झालं. आमची टीम एका रांगेत बसलेली. भन्तेजींनी त्रिसरण दिलं, सगळ्यांनी मागोमाग म्हटलं, पंचशील झालं, फुलं पडली, टाळ्या झाल्या. मग माझ्या मामांनी माईक घेतला. "मंडळी, जेवणाची सोय मागच्या मंडपात आहे."

आणि आमची सगळी रांग खणखणीत आवाजात, "समजलं! जेवण मागच्या मंडपात!"

भन्तेजीसुद्धा वळून बघायला लागले!

*

सगळ्यात अवघड गेलं ते चुका सांगणं. सर म्हणाले, "तपासणीला येणारे विचारणार, तुमच्या चुका तुम्हाला माहीत आहेत का? ज्याच्या हातून चूक झाली त्याने सकाळच्या मीटिंगला सांगायची. मी कुणालाही रागावणार नाही." झालं! रोज सकाळी सगळे खाली मान घालून बुटांकडे बघायचे. जणू आमच्याइतकी निर्दोष माणसं मावळात नाहीत!

शेवटी एके दिवशी सरच उभे राहिले. कान लाल झालेले. "काल मी सर्व्हर हॉलचं दार खुर्ची लावून उघडं ठेवलं. फोन आला होता. गरम हवा आत गेली. चूक माझी."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. साहेबाने असं म्हटलेलं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

मागून दत्ताभाऊंचा आवाज आला, "सर, ती खुर्ची माजीच. त्यासाटीच ठिवलीय तितं!"

त्यानंतर त्या मीटिंगला बोलायला वेळ पुरेना!

*

तपासणीला आल्या एक बाई, एकट्याच. पायात स्पोर्ट्स शूज, चेहरा शांत. आम्ही मनातल्या मनात सगळं बसवून ठेवलं होतं. वीज जाण्याची चाचणी घेतील, जनरेटर दत्ताभाऊ सुरू करतील. एखादा हट्टाला पेटला तर त्याला सुरू करणं त्यांनाच जमतं, अशी आमची पक्की समजूत!

मॅडमनी चाचणी घेतली. पण आधी दत्ताभाऊंकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे आज रजेवर आहेत असं समजा."

दत्ताभाऊंना बाहेर काढलं. बाहेरची वीज ठरवून तोडली. सगळा भार बॅटरीवर, आणि बॅटरी थोडाच वेळ पुरते. जनरेटर आपोआप चालू झाला नाही असं धरून हाताने सुरू करायचा. माझी सहकारी प्रणाली एकेक पायरी वाचत होती, मी ती परत म्हणून करत होते. काचेच्या दारामागे दत्ताभाऊ बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप फिरतो तसे फेऱ्या घालत होते. बघायचं नाही म्हणून पाठ करायचे, की पुन्हा वळून बघायचे!

धडधड सुरू झाली. दिवे हिरवे झाले. भार जनरेटरने उचलला! मी प्रणालीला मिठीच मारली.

बाहेर आले तर दत्ताभाऊंचा चेहरा उतरलेला. "माज्याबिगर चाललं?"

मी सांगून टाकलं, "चाललं, भाऊ."

त्यांनी जनरेटरच्या आवाजाकडे कान लावला. मग हळूच म्हणाले, "मंग औंदा मला जत्रंला रजा मिळंल? हितं लागल्यापासनं पालखीला खांदा दिला न्हाई, सुजाता."

त्या वर्षी जत्रेत ते असे नाचले की परत आल्यावर त्यांना पायऱ्या चढवेनात!

*

सर्टिफिकेट मिळालं! बँकेचे मोठे साहेब स्वतः आले. पेढे, हार, फोटोग्राफर. सरांनी सोनेरी फ्रेम करून आणलेली. ती सर्व्हर हॉलच्या दाराशेजारी, स्वतःच्या हाताने लावायची असं त्यांनी ठरवलेलं. त्यांनी कोट काढला, ड्रिल हातात घेतलं, भिंतीवर खूण केली. टाळ्या सुरू झाल्या.

आमची प्रणाली घोरावाडीची. इतकी हळू बोलते की कॅन्टीनवाला तिला दरवेळी काही भलतंच वाढतो आणि ती ते मुकाट्याने खाते. ती पुढे आली.

"सर, परमिट?"

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. "कसलं परमिट?" बँकेच्या साहेबांनी विचारलं.

"इथे भिंतीला भोक पाडायचं तर आधी परमिट लागतं. धूळ मशीनमध्ये जाते. धुराचे अलार्म वाजतात."

सरांनी भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "एकच खिळा आहे, प्रणाली."

"हो, सर."

"साहेब एवढ्या लांबून आलेत."

"हो, सर." ती दारासमोरून हलली नाही. "आज अर्ज केलात तर उद्या मिळेल."

त्या दिवशीचा फोटो आमच्या कॅन्टीनमध्ये आहे. मधोमध बँकेचे साहेब पोट धरून हसतायत. सर्टिफिकेट प्रणालीच्या हातात आहे. आणि सरांच्या हातात ड्रिल!