पुस्तकांच्या दुकानात बोललेलं खोटं

मैत्रिणींनो, घरी येऊन दोन तास झाले, तरी मी सारखी खिडकीतून रस्त्याकडे बघतेय.

अमरावतीत बायकांनी मिळून चालवलेलं पुस्तकांचं दुकान आहे. पगारी कोणी नाही, ज्या येतात त्या काम करतात. आज दुपारी मी पहिल्यांदाच गेले. तिथं काम करणाऱ्या शबानाताई म्हणाल्या, "जराशी बस इथं, वकीलबाईले घेऊन आलीच मी."

पडद्याआडच्या खोलीत एक मुलगी वकीलबाईंची वाट पाहत होती. तिच्या दंडावर निळे वळ होते.

तेवढ्यात एक माणूस आला. अगदी शांतपणे त्यानं मोबाइलवरचा फोटो दाखवला. "माही बायको इथं आली काय?"

फोटोत तीच होती.

"नाही," मी म्हटलं.

"मंग पडद्यामांगं कोन हाय?"

"एक बाई लेकराले पाजून राहिली. तुमी भायेर व्हा."

तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि मग गेला. मी दाराला कडी लावली.

शबानाताई वकीलबाईंना घेऊन आल्या आणि दोघींनी मुलीला मागच्या दारानं सुखरूप नेलं. पण त्यानं माझा चेहरा नीट पाहिलाय. उद्या दुकान उघडायला मी हो म्हटलंय, आणि मला एकटीला भीती वाटते.

तुमच्यापैकी कोणी सोबत बसायला येईल का?