राक्षसाचं खळं

साक्री तालुक्यात आमच्या शेताच्या वरच्या अंगाला काळ्या दगडांचं एक मोडकं रिंगण होतं. दहा-बारा दगड, कंबरेएवढे; निम्मे उभे, निम्मे आडवे, आणि एका कडेला नुसता ढीग. गाव त्याला राक्षसाचं खळं म्हणे. राक्षस तिथे बाजरी मळत असत यावर माझा कधी विश्वास बसला नाही. पण पेरणीच्या दिवशी दाण्यांची पहिली मूठ त्या रिंगणात टाकल्याशिवाय नाना, म्हणजे माझे वडील, पाभरीला हात लावत नसत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदाराला खडीसाठी दगड हवे झाले. शेत नाना आणि काकांचं सामाईक. काका द्यायला तयार होते. मी तेव्हा धुळ्याला, देवपुरात कॉलेजात होते. इतिहासाच्या सरांना रिंगणाबद्दल सांगितलं, तर ते म्हणाले, हजारो वर्षांपूर्वीचं असू शकेल. बघून खात्री पटली तर सरकारला लिहीन, मग कोणी हात लावणार नाही. नानांनी काकांना तोवर थांबवलं. मी घरी कार्ड टाकलं की सर रविवारी येताहेत. एवढंच लिहिलं. आमच्या घरी पाहुणा येणार म्हटल्यावर काय काय होतं, हे मला आठवायला हवं होतं.

रविवारी सरांना घेऊन शेतावर गेले. आडवे दगड उभे झाले होते. ढिगातले दगड मधल्या मोकळ्या जागांत बसवून खाली चिपा ठोकल्या होत्या. गवत उपटलेलं, प्रत्येक दगडाला चुना आणि वर गेरूचा पट्टा. नाना धुतलेलं धोतर नेसून कडेला उभे होते.

"पाव्हना येनार व्हतात, म्हनीसन बठ्ठा उभा करी दिनात," ते म्हणाले.

सरांनी दोन फेऱ्या मारल्या, वही काढली, परत पिशवीत ठेवली. कोणता दगड कुठे होता, असं त्यांनी विचारलं. नानांनी न अडखळता एकेक जागा दाखवली. ज्या दगडावर फाळ आपटलाय तो शेतकरी विसरत नाही. सरांनी ऐकून घेतलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाले की तोंडी माहितीवर काही लिहिता येणार नाही. चहा घेतला आणि बस पकडायला निघाले. मला नानांची भयंकर लाज वाटली. त्यांनी सगळा घोळ घातला, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

दिवाळीला घरी गेले, तर नाना मला चहाही न घेऊ देता शेतावर घेऊन गेले. दगड पुन्हा आडवे होते. ढीग पुन्हा ढीग. चुना खरवडून काढलेला. सगळं एकट्याने, पहारीने केलं होतं.

"जठे व्हतात तठेच शेतस आते. बलाव साहेबले."

मी हो म्हटलं. सरांना मात्र सांगितलं नाही. ते हसतील असं वाटलं. नाना दर पत्रात विचारत आणि मी सरांना सवड नाही असं कळवत असे. काका उन्हाळ्यापर्यंत थांबले, मग ट्रॅक्टर आला.

त्या वर्षीच्या पेरणीला मी घरी होते. नाना मूठ भरून वरच्या अंगाला गेले, मोकळ्या जमिनीवर दाणे टाकले आणि पाभरीकडे येता येता माझ्यापाशी थांबले.

"साहेबले सांगजो," ते म्हणाले, "आते येवानं काम नही."