बंद घरातलं शून्य

भालेराव सर वारल्याचं मला पारनेरच्या स्टँडवर कळलं. गाडी सुटायच्या बेतात होती. शाळेचा शिपाई खिडकीखाली आला आणि म्हणाला, "बाई, आपले सर वारले... सकाळी." मी मान हलवली. पुढं कंडक्टरनं दोनदा विचारलं तरी मला माझ्या गावाचं नाव आठवेना. त्याला आता महिना होऊन गेला. लिहायला हवं होतं, आणि मी टाळत होते. का टाळत होते तेच आज सांगणार आहे.

सर विज्ञान शिकवायचे, मी गणित. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कुणा भल्या माणसानं आमच्या शाळेला एक कॉम्प्युटर दिला. हेडमास्तरांनी त्याला चादर घातली, खोलीबाहेर चपला काढायचा नियम केला आणि मंडळी निवांत झाली. सर मात्र कुठूनसं पुस्तक पैदा करून त्याच्यापुढं ठाण मांडून बसले. पृथ्वी तापत चालली आहे हे नुसतं फळ्यावर सांगून पोरांना पटायचं नाही, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी आमचं गावच त्या पडद्यात घातलं. कुठल्या घरात सरपण किती जळतं, गोवऱ्या किती, रॉकेल किती, विहिरीवरची मोटर किती तास चालते, हे सगळं आत भरायचं. मग खेळणाऱ्यानं सरपंच होऊन पन्नास वर्षं गाव चालवायचं. चुली सुधारा, झाडं लावा, मोटरी वाढवा, मर्जी तुमची. प्रत्येक वर्षाअखेर पडदा सांगायचा, झाडं किती उरली, धूर किती झाला, उन्हाळा किती चढला.

निम्म्या वेळेला खेळ रंगात आला की वीज जायची. पडदा काळा, पंखा बंद, पण एकही पोर उठायचं नाही. सर डोळे मिटून हळू आवाजात पुढं चालू ठेवायचे, "आता आपण दोन हजार तीस सालात आहोत... ओढ्याकाठी कोण उभं आहे?" आणि पोरं सांगू लागायची. कुणाला बाभळी दिसायच्या, कुणाला नुसता फुफाटा. खिडकीतून उन्हाची एक तिरीप यायची, तिच्यात खडूची धूळ तरंगायची आणि आम्ही सगळेच त्या न आलेल्या सालात बसलेले असायचो. मीसुद्धा. मी तशी स्वप्नाळू बाई नाही, वर्गात मला सगळे टरकतात. पण त्या खोलीत मला फार बरं वाटायचं.

गावाबाहेरच्या वाडीतली माहिती गोळा करायचं काम माझ्याकडं होतं. दिवाळी होऊन गेली होती, निम्मी घरं ऊसतोडीला निघून गेलेली, दारांना कुलपं. चुलीपुढं कोणी नाही तर जळणार काय, असं म्हणून मी त्या घरांपुढं वर्षभराचं शून्य घातलं. गणिताची बाई मी, शून्य घालताना हात अडखळला नाही. गाव झकास निघालं. पन्नास वर्षांनीही हिरवंगार. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिलं आलं आणि राज्याच्या प्रदर्शनासाठी निवड झाली. सर इतके हरखले होते की त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला.

एप्रिलच्या अखेरीस वाडीतली अलका, सरांच्याच वर्गातली, आईबापाबरोबर कारखान्यावरून परतली. सरांनी कौतुकानं तिला पडद्यासमोर बसवलं. तिनं आधी स्वतःचं घर शोधलं आणि बराच वेळ बघत राहिली. "सर, आमच्या घराला शून्य कशापायी?" सर म्हणाले, "तुम्ही नव्हता ना गं इथं." ती म्हणाली, "आमी तिकडं गेल्तो, पर जेवत हुतोच की. चूल माज्या आयनं संगंच नेल्ती."

दुसऱ्या दिवशी सरांनी राज्याच्या प्रदर्शनातून नाव मागं घेतलं. स्टाफरूममध्ये हेडमास्तर भडकले. शाळेचं नाव होणार होतं, ते गेलं. "वाडीची माहिती कुणी घेतली?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "मीच. चूक माझी आहे." मी उघडलेलं तोंड मिटलं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. त्यानंतर सहा वर्षं आम्ही शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो, एका डब्यातलं खाल्लं, आणि मी तो विषय एकदाही काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात दर रविवारी सर एसटीनं कोल्हारकडं, नदीकाठच्या कारखान्यावर जायचे, ऊसतोड्यांच्या कोप्यांमध्ये, त्या पाचटाच्या झोपड्यांमध्ये बसून चुलीत काय जळतं ते लिहून घ्यायचे. त्या धुराचं काय करायचं, तो कुठल्या गावाच्या नावावर धरायचा, यावर ते माझ्याशी तासन्‌तास बोलायचे... माझ्याशी, बरं का. शेवटी त्यांनी पडद्यावर एक ठिपका केला. दसरा झाला की तो आमच्या गावातून निघायचा, सावकाश सरकत नदीकाठी जाऊन थांबायचा, उन्हाळ्यात परत यायचा. त्याचा धूर त्याच्याबरोबर जायचा. गाव आता पन्नास वर्षं हिरवं राहत नव्हतं, पण पोरं तो ठिपका परतायची वाट बघत श्वास रोखून बसायची.

परवा सरांच्या घरी वहिनींना भेटायला गेले. वाटेत वाक्य घोकत होते. बसल्याबसल्या म्हटलं, "वहिनी, माझ्या एका चुकीपायी सरांचं राज्याचं प्रदर्शन हुकलं. त्यांनी ती स्वतःवर घेतली."

वहिनी गोंधळल्या. "कसली चूक? आमच्या घरात तर ते वेगळंच सांगायचे. म्हणायचे, मला आयुष्यात एकच मोठं बक्षीस मिळालं, माझ्या वर्गातल्या एका पोरीनं शोध लावला, आणि तो लागला तेव्हा मी तिथं होतो."

मला रडू फुटलं. वहिनींनी मला रडू दिलं. मग डोळे पुसून मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, वाडी, कुलपं, शून्यं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. आता जेवूनच जा."