बाराव्या खाटेची एकादशी

त्या सकाळी मी स्वतःवर खूश होते, हे आधी सांगायला हवं. तशी नसते तर बाराव्या खाटेवरच्या आजींना मी एक साधा प्रश्न विचारला असता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या कोठारावर होते, सातवीपर्यंत शिकलेले. आई चौथी. आहारशास्त्र म्हणजे काय हे त्यांना सांगताना मी अडखळायचे. शेवटी बाबांनीच ठरवून टाकलं की मुलगी आजाऱ्यांचा स्वयंपाक शिकते. शेवटच्या वर्षी कलकत्त्यातल्याच एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात सहा महिने काम करायचं होतं. सकाळी वॉर्डात जायचं, कोणाला मीठ वर्ज्य, कोणाला मऊ भात, कोणाला मधुमेहाचं जेवण, ते पाहून चिठ्ठ्या लिहायच्या, आणि खाली येऊन त्याप्रमाणे ताटं निघतात की नाही यावर लक्ष ठेवायचं.

बाराव्या खाटेवर कलकत्त्याजवळच्या बजबजच्या एक विधवा होत्या. पासष्टीच्या असतील. पांढरं बिनकाठाचं लुगडं, बारीक कापलेले केस. मधुमेह बळावला म्हणून त्यांना आठ दिवसांपूर्वी दाखल केलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच इन्शुलिन सुरू झालं होतं. मी त्यांना दिदिमा, म्हणजे आजी, म्हणायचे; त्या मला लाडाने मा म्हणायच्या. माझ्या बंगालीची त्या रोज थट्टा करायच्या. “तुझं बोलणं म्हणजे भातातला खडा. पोट भरतं, पण दात जपावे लागतात.”

त्या दिवशी मी गेले तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, “आज एकादशी आहे गं, मा.”

मला केवढा आनंद झाला. एकादशी मला कोणी शिकवायला नको होती. आमच्या घरी आई दर एकादशीला साबुदाण्याची खिचडी करायची, उकडलेली रताळी, दही, वरीचे तांदूळ. आम्ही सगळेच त्या दिवशी जास्त जेवायचो. मी मान डोलावली, “कळलं दिदिमा, मी बघते,” म्हणाले. त्यांनीही समाधानाने मान हलवली. एवढंच आमचं बोलणं झालं.

खाली जाऊन मी त्यांची पाव आणि भाताची चिठ्ठी फाडली. त्याऐवजी दूध, वाटीभर साबुदाणा, एक लहान रताळं, छाना म्हणजे ताजं पनीर, अर्धा पेरू. पिष्टाचा हिशेब दोनदा तपासला. पुस्तकात उपासाच्या मधुमेहाचा तक्ता नव्हता. तो मी स्वतः तयार केला होता.

वॉर्डाची सिस्टर केरळची, ख्रिश्चन. हातात सिरिंज घेऊन तिने मला विचारलं, “बारा नंबर उपास आहे म्हणते. खाणार ना? इंजेक्शन देऊ?”

“द्या,” मी म्हणाले. “त्यांचं उपासाचं जेवण मी वेगळं सांगितलंय.”

तिने इंजेक्शन दिलं. दोन प्रकारचं एकत्र असायचं ते, एक लगेच काम करणारं आणि एक संध्याकाळपर्यंत पुरणारं. मग मी पुरुषांच्या वॉर्डात गेले.

साडेदहाला परत आले तेव्हा वॉर्डातली आया, जिला सगळे माशी म्हणजे मावशी म्हणायचे, झाकलेलं एक ताट घेऊन जिन्याकडे निघाली होती. वरची चिठ्ठी माझ्या अक्षरातली.

“माशी, हे कोणाचं?”

“बारा नंबरचं. उगाच पाठवलंत. तसंच परत नेते.”

“का? सगळं उपासाचं आहे की.”

माशीने माझ्याकडे नीट पाहिलं. “दिदी, विधवेची एकादशी आहे. आज पाणीसुद्धा नाही. हे काय सांगायचं असतं?”

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि धावत खाटेपाशी गेले. दिदिमा पडून होत्या. कपाळ घामाने डबडबलं होतं, आणि पंखा तर फिरत होता. बोटं थरथरत होती. मी म्हटलं, “दिदिमा, थोडं दूध घ्या. इंजेक्शन घेतलंय तुम्ही, त्याने साखर उतरते, न खाऊन चालणार नाही.”

“इंजेक्शन काय, ते अन्न थोडंच आहे? उद्या सकाळी घेईन मा.”

“उद्यापर्यंत नाही थांबता येणार. नुसतं पाणी घ्या, त्यात साखर घालून देते.”

“पाणी तर नाहीच.” त्या हसल्या, पण ओठ नीट हलेनात. “तू तर म्हणालीस, कळलं.”

मी सिस्टरला हाक मारली. तिने नाडी पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. फोन फिरवला, फोन मुका होता. डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या खोलीत होते. ग्लुकोजचा डबा माझ्या हातात देत ती म्हणाली, “मी त्यांना घेऊन येते. तू तोंडात साखर घाल. बोलत बसू नकोस.”

“त्या नको म्हणतायत.”

“मग मेल्यावर विचार त्यांना,” ती म्हणाली आणि गेली. वीज तेवढ्यात गेली, पंखे थांबले. लिफ्टही बंद पडली असणार. ती जिने चढून जाणार आणि डॉक्टर जिने उतरून येणार, एवढा वेळ माझ्याकडे होता.

मी वाटीत ग्लुकोज कालवलं. चमचा जवळ नेला तशी त्यांनी तळहात तोंडावर धरला. डोळे मिटलेले, पण हात घट्ट. “बाविसाव्या वर्षापासून,” त्या हाताआडून म्हणाल्या. “एकही चुकली नाही. तोंडात घालू नकोस. माझी शपथ आहे तुला.”

मी चमचा खाली ठेवला. खरंच ठेवला. आजही कोणी मला विचारलं तर ते मी चूक की बरोबर सांगू शकत नाही. मी त्यांच्याशी बोलत राहिले. मुलगा किती वाजता येतो, लोकलला गर्दी असते का. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी उत्तर दिलं. तिसऱ्याला काहीतरी भलतंच बोलल्या, कोणाला तरी गाय आत बांधायला सांगत होत्या. मग बोलणं थांबलं, आणि तोंडावरचा हात आपोआप घसरून उशीवर पडला.

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. माशी दारात होती. तीही बघत होती. जिन्यावर पावलं वाजत नव्हती.

मी वाटीत बोट बुडवलं आणि ते ग्लुकोज त्यांच्या गालाच्या आतून लावलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा लावलं. माझं बोट त्यांच्या दातांना लागत होतं आणि मला वाटत होतं, आता चावतील तर बरं होईल.

डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोजचं मोठं इंजेक्शन दिलं. पाच-सात मिनिटांत दिदिमांनी डोळे उघडले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे तासाभरापुरतं आहे. सकाळचं इन्शुलिन संध्याकाळपर्यंत काम करत राहणार. खायला हवं, नाहीतर सलाइन लावून दिवसभर माणूस बसवावा लागेल, आणि माझ्याकडे माणूस नाही. इंजेक्शन द्या असं कोणी सांगितलं?”

“मी सांगितलं,” मी म्हणाले.

“मग आता खायला घालणंही तुमचंच काम.” ते वर निघून गेले.

दिदिमा जीभ गालात फिरवत होत्या. मी जवळ गेले तशी त्यांनी विचारलं, “माझ्या तोंडात काही घातलं?”

त्यांच्या मागे उभी असलेली सिस्टर मला मानेने नाही, नाही करत होती. नाही म्हणणं किती सोपं होतं.

“हो दिदिमा. ग्लुकोज. माझ्या बोटाने. तुम्ही शुद्धीवर नव्हता.”

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तिथेच उभी होते. मला त्या रागावतील, रडतील, मुलाला बोलावून घेतील, काहीही वाटत होतं. घड्याळ मात्र पुढे जात होतं आणि त्यांना अजून खायचं होतं, आणि आता कुठल्या तोंडाने मी ते सांगणार होते?

“मोडलीच ना,” त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

“हो.”

“मग पाणी दे.”

मी पेला भरून दिला. त्या घटाघटा प्यायल्या, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं तरी थांबल्या नाहीत. दुसरा पेला मागितला. तोही प्यायल्या. मग ताटावरचं झाकण स्वतःच काढलं आणि दूध घेतलं, छाना खाल्ला. साबुदाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे कोणाच्या डोक्यातून आलं?”

“माझ्या. आमच्याकडे एकादशीला खातात.”

“विधवासुद्धा?”

“सगळे. आई त्यात शेंगदाण्याचं कूट घालते, वर तूप. रताळी असतात, दही असतं, वरीचा भात असतो.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मग उपास कोणत्या दिवशी करता?”

माशी दारात फिस्सकन हसली. मला हसू येईना. दिदिमांनी साबुदाण्याला हात लावला नाही. रताळं मात्र खाल्लं, सालासकट, सावकाश.

दुपारभर मी दर तासाला त्यांच्याकडे चक्कर मारली. प्रत्येक वेळी कपाळाला हात लावून पाहिलं. कोरडं होतं. आमच्या आहारविभागाच्या मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मला काय सुनावलं ते इथे लिहीत नाही, पण त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. दिदिमांच्या कागदावर मी लाल शाईने लिहिलं, की एकादशीला निर्जळी, इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

चार वाजता मुलगा आला. चाळिशी ओलांडलेला, तेलाच्या डेपोत कामाला, घामेजलेला. मी दुधाची ट्रॉली घेऊन तिथेच होते. त्याने आईच्या पायांना हात लावला आणि मला म्हणाला, “आज हिला आग्रह केला नाहीत ना? मला आठवतं तेव्हापासून हिची एकादशी चुकलेली नाही. आळीभर लोक हिचं उदाहरण देतात.”

दिदिमांनी पदराचं टोक ओठांवर ओढलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. सकाळी तोंडावर हात धरला होता तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. आता होती.

“नाही,” मी म्हणाले. “आग्रह केला नाही.”

त्यांचा दुधाचा पेला ट्रॉलीवरच राहू दिला. मुलगा सहाच्या लोकलला जायचा. तो गेला की पेला घेऊन परत यायचं, असं ठरवून मी ट्रॉली पुढे ढकलली.