गणपतीच्या कारखान्यातली कासवं

पेणला माझं रंगाचं दुकान. गिऱ्हाईक रंग घेऊन जातं आणि गोष्ट ठेवून जातं. माल उठतो, गोष्टींचा स्टॉक मात्र साचतच राहतो! यंदा साचले ते कासवांचे किस्से. ऐकायला बसा, शेवटपर्यंत हसाल याची गॅरंटी नाही.

*

रोह्याच्या एका कॉलेजात प्रदर्शन होतं. दूर समुद्रातल्या बेटांवरची अजस्र कासवं, माणसाला पाठीवर घेतील एवढाली. चार बेटांची चार मॉडेलं हवी होती. ऑर्डर मी धरली आणि दामूअण्णांच्या गणपतीच्या कारखान्यात दिली.

अण्णांनी आपल्या रिवाजाने काम केलं. साचा एक, रंग चार!

कॉलेजतर्फे केतकी बघायला आली. मूळची रोह्याचीच, या कासवांच्या जीन्सचा अभ्यास करणारी. कपाळाला हात लावून म्हणाली, "अण्णा, या चार वेगळ्या जाती आहेत!"

"मग? हा हिरवट, हा काळा, हा मातकट, हा राखाडी. अजून किती वेगळ्या करू?"

*

केतकीने तिथेच शिकवणी घेतली. कोरड्या बेटावर चारा उंचावर, म्हणून तिथल्या कासवाची पाठ मानेपाशी कमानीसारखी उचललेली. ओल्या बेटावर गवत पायाशी, तिथली पाठ घुमटासारखी. "आणि दिसायला सारखी असली, तरी रक्त तपासलं की बेट कळतं."

रंगकाम करणारी खाडीकडची सुमन म्हणाली, "माज्या सासूला रक्त बी लागत नाय गो! नवी सून चहा कसा गाळते ते बघून माहेर सांगते!"

कारखाना हसला. अण्णा हसले नाहीत.

त्यांच्या एकुलत्या मुलाने, सुहासने, नागोठण्याला केरळच्या नर्सशी लग्न केलं, तेव्हापासून अण्णांनी त्याच्या घराची पायरी चढली नव्हती. मग सुहास हायवेवर अपघातात गेला. मागे एक मुलगी. कोणी विषय काढला की अण्णा म्हणायचे, "वंश संपला माझा."

"अहो, नात आहे ना!"

"ती त्यांची."

*

केतकी सांगत होती, पूर्वी जहाजवाले ही कासवं जिवंतच उचलून न्यायचे. महिनोन्महिने अन्नपाण्यावाचून तगतात, म्हणजे ताज्या मांसाची सोय! जहाज हलकं करायचं झालं की भलत्याच बेटापाशी समुद्रात टाकून द्यायचे.

मी म्हटलं, "म्हणजे धंदेवाईकच! नको झालेला माल दुसऱ्याच्या दारात."

केतकी म्हणाली, "काका, तो माल पोहत किनाऱ्याला लागला."

*

शेवटचं कासव रंगवताना अण्णांनी विचारलं, "याची जोडीदारीण कुठाय?"

"नव्हती. त्या बेटावर हा एकटाच उरला होता. दुसऱ्या बेटावरच्या माद्या आणून ठेवल्या, अंडी झाली, पिल्लं नाहीत. मग तोही गेला."

अण्णांनी ब्रश खाली ठेवला. "म्हणजे संपलं."

"सगळ्यांना तसंच वाटलं. मग लांबच्या बेटावरच्या कासवांचं रक्त तपासलं, तर काहींत याच्या बेटाचा अंश निघाला. जहाजवाल्यांनी टाकलेल्यांची पिल्लंनातवंडं असणार."

"मग ती कोणाची म्हणायची? इथली का तिथली?"

केतकी म्हणाली, "कासवांना कोणी विचारलं नाही, अण्णा."

अण्णांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

*

टेम्पोत माल भरून आम्ही रोह्याला निघालो. पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि अण्णा. अण्णांच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. नागोठणं आलं तसे म्हणाले, "शेट, जरा सुहासच्या कॉलनीकडे घ्यायला सांगा."

दाराला कुलूप होतं. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "त्या गेल्या की केरळला. आईकडे, कायमच्या. मुलीला घेऊन."

अण्णांनी कागदातलं चिमुकलं कासव काढलं, उंबऱ्यावर ठेवलं, पुन्हा उचललं. मग मान पुढे काढून टेम्पोकडे चालू लागले.

मागून बाईने हाक मारली, "थांबा हो! तुम्ही तिचे आजोबा ना?"

आम्ही नावगाव काही सांगितलं नव्हतं. अण्णा वळले. "कोण म्हणालं तुम्हाला?"

"कोणी नाही," बाई म्हणाली. "पोरगी अशीच चालते."